व्हॅन ॲलन प्रोब्सच्या डेटातून प्लाझ्मा लहरी ओळखायच्या कशा: फाइल उतरवण्यापासून लहरीची दिशा काढण्यापर्यंत

पृथ्वीजवळच्या अवकाशात उपग्रहाला ५०० हर्ट्झची लहर सापडली, एवढ्यावरून ती कोणती हे सांगता येत नाही. पृथ्वीच्या केंद्रापासून सहा पृथ्वीत्रिज्यांवर, पहाटेच्या बाजूला असेल तर ती बहुधा कोरस. तीन त्रिज्यांवर, दाट प्लाझ्मात असेल तर बहुधा हिस. त्याच तीन त्रिज्यांवर, पण चुंबकीय विषुववृत्ताला अगदी लगटून असेल तर मॅग्नेटोसॉनिक असण्याचीही शक्यता आहे. आकडा एक, लहरी तीन, आणि इलेक्ट्रॉनांवर होणारा तिघींचा परिणाम वेगवेगळा. म्हणून स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे हे दाखवणाऱ्या रंगीत चित्रावर, ठळक पट्टा दिसला तरी स्थानिक चुंबकीय क्षेत्र, प्लाझ्माची घनता आणि लहरीचं ध्रुवण (तिचा सदिश कसा फिरतो ते) या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय त्याला नाव देऊ नये. हा लेख त्या तपासणीचा क्रम सांगतो.

ही तपासणी का महत्त्वाची, हे एका घटनेवरून कळतं. ९ ऑक्टोबर २०१२ च्या चुंबकीय वादळात बाहेरच्या किरणोत्सर्गी पट्ट्यातले इलेक्ट्रॉन काही तासांत लक्षावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत पोचले. ते पट्ट्यातच, जागच्या जागी प्रवेगित झाले आणि त्यामागे कोरस लहरी होत्या, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणांतून पुढे आलं. उलट प्लाझ्मास्फिअरमधली, म्हणजे पृथ्वीलगतच्या दाट प्लाझ्मातली, हिस इलेक्ट्रॉनांना वातावरणात ढकलते. दोन पट्ट्यांमधली रिकामी फट मुख्यतः तिच्यामुळे टिकून राहते. एक लहर भर घालते, दुसरी निचरा करते. नावात गल्लत झाली तर पुढचं सगळं गणित उलटं पडतं.

सरावासाठी मी व्हॅन ॲलन प्रोब्सचा, म्हणजे किरणोत्सर्गी पट्ट्यांच्या अभ्यासासाठी सोडलेल्या नासाच्या दोन यानांचा, डेटा सुचवतो. तो सर्वांना खुला आहे, नीट कॅलिब्रेट केलेला आहे आणि त्यात विद्युत व चुंबकीय क्षेत्राचे सहाही घटक एकत्र मिळतात. भौतिकशास्त्राची पदवी आणि थोडं पायथन येत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

कक्षा समजून घ्या

अ आणि ब ही जुळी यानं ३० ऑगस्ट २०१२ ला सोडली गेली. ब जुलै २०१९ मध्ये बंद झालं, अ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. जमिनीपासून सुमारे ६०० किलोमीटर ते साधारण ३०,४०० किलोमीटर अशी लंबवर्तुळाकार कक्षा, विषुववृत्ताशी १० अंशांचा कल, एका फेरीला सुमारे नऊ तास. म्हणजे दिवसातून सुमारे पावणेतीन वेळा यान दोन्ही पट्टे आडवे कापून बाहेर जातं आणि परत येतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पृथ्वीपासूनचा दूरचा बिंदू स्थानिक वेळेनुसार हळूहळू सरकतो आणि सगळ्या वेळा फिरून यायला त्याला सुमारे दोन वर्षं लागतात. कोरस मध्यरात्रीपासून पहाटेमार्गे दुपारपर्यंतच्या भागात जास्त आढळते. तेव्हा महिना निवडताना दूरचा बिंदू कुठे होता ते आधी बघा. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो पहाटेच्या बाजूला होता, सरावाला उत्तम. दुसरी गोष्ट, यान जवळच्या बिंदूकडे येतं तेव्हा चुंबकीय क्षेत्र इतक्या झपाट्याने वाढतं की मंद लहरींचा अभ्यास तिथे करण्यात अर्थ नाही.

कोणतं उपकरण काय मोजतं

यानांवरच्या एम्फिसिस या उपकरणसंचात दोन चुंबकीय उपकरणं आहेत. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर स्थिर क्षेत्र आणि मंद बदल मोजतो, सेकंदाला ६४ नोंदी. सर्च कॉइल ही तीन अक्षांवरची गुंडाळी. तिला क्षेत्राचा बदलण्याचा वेग कळतो, क्षेत्र नाही. म्हणून सुमारे १० हर्ट्झपासून १२ किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरींसाठी सर्च कॉइल, आणि काही हर्ट्झच्या खाली फ्लक्सगेट. विद्युत क्षेत्रासाठी यानाच्या फिरण्याच्या प्रतलात टोकापासून टोकापर्यंत सुमारे १०० मीटरच्या, संवेदकांच्या दोन जोड्या आहेत, तर फिरण्याच्या अक्षावरची जोडी खूपच आखूड. त्या अक्षावरच्या विद्युत घटकावर मी बाकी दोन घटकांइतका विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नये. शक्य असेल तेव्हा तो गणिताने काढा: प्रतल लहरीत विद्युत आणि चुंबकीय सदिश एकमेकांना लंब असतात, त्या अटीतून तिसरा घटक मिळतो.

सर्च कॉइलच्या कच्च्या व्होल्टेजवर काम करू नका. गुंडाळीचा प्रतिसाद वारंवारतेनुसार बदलतो, आणि मोठेपणाइतकाच फेजचाही फरक पडतो. फेज चुकली की पुढे ध्रुवण चुकतं. पातळी २ पासूनच्या (पातळी म्हणजे डेटावर किती प्रक्रिया झाली त्याची पायरी) फाइल कॅलिब्रेट केलेल्या असतात, तिथूनच सुरुवात करा.

फाइल उतरवा, पण मोजक्या

नासाच्या सीडीएवेब संकेतस्थळावर सगळं मिळतं. पायथनमध्ये पायस्पेडास हे पॅकेज तारीख आणि यान सांगितलं की फाइल स्वतः उतरवतं. नुसती सीडीएफ फाइल वाचायला सीडीएफलिब पुरे. ९ ऑक्टोबर २०१२ साठी एवढ्या फाइल घ्या:

– फ्लक्सगेटचा पातळी ३ चा एका सेकंदाचा डेटा, यानाच्या स्थानासह
– लहरींचा सर्वेक्षण डेटा: दर सहा सेकंदांना, ६५ वारंवारतांवर, स्पेक्ट्रल मॅट्रिक्स (घटकांच्या जोड्यांच्या गुणाकारांचा तक्ता)
– उच्च वारंवारतेचा विद्युत स्पेक्ट्रम, सुमारे १० ते ४८७ किलोहर्ट्झ
– पातळी ४ ची घनता आणि लहरींच्या दिशेची फाइल
– एखादी बर्स्ट वेव्हफॉर्म फाइल

बर्स्ट म्हणजे सहाही घटकांची सेकंदाला ३५,००० नोंदी अशी सुमारे सहा सेकंदांची अखंड नोंद. ती जड असते, आधी एकच उतरवा. ती साध्या ध्वनिफितीत बदलून एकदा ऐकाच. या लहरींची वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यातच असल्यामुळे ती ना हळू करावी लागते ना जलद. कोरसचे चढत जाणारे छोटे स्वर पक्ष्यांच्या किलबिलाटासारखे ऐकू येतात, हिस नुसती खरखरते. ५ सप्टेंबर २०१२ ला याच उपकरणाने टिपलेली कोरस नासाने तेव्हा लोकांसाठी प्रसिद्ध केली होती. कानाला पटलेला फरक नंतर चित्रात चटकन दिसतो, असा माझा अनुभव आहे.

रंग बघण्याआधी रेषा काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. स्पेक्ट्रोग्राम काढा आणि त्याचा अर्थ लावण्याआधी त्यावर स्थानिक चुंबकीय क्षेत्रावरून येणाऱ्या रेषा चढवा.

क्षेत्राचं मूल्य नॅनोटेस्लात घ्या, २८ ने गुणा: इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता, म्हणजे क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेण्याची वारंवारता, हर्ट्झमध्ये मिळाली. तेच मूल्य ०.०१५२५ ने गुणा: प्रोटॉनची मिळाली. हीलियम आयनाची त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी, ऑक्सिजनची सोळाव्या. दाट प्लाझ्मात लोअर हायब्रिड वारंवारता (इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या एकत्रित कंपनाची) म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वारंवारतेला सुमारे ४३ ने भागलं की झालं.

पाच त्रिज्यांवर विषुववृत्तापाशी साध्या द्विध्रुवी क्षेत्रात सुमारे २४८ नॅनोटेस्ला मिळतात. तिथे इलेक्ट्रॉनची वारंवारता ६.९ किलोहर्ट्झ, तिचा निम्मा भाग ३.५, दहावा भाग ०.६९ किलोहर्ट्झ. लोअर हायब्रिड १६० हर्ट्झच्या आसपास. प्रोटॉन ३.८ हर्ट्झ, हीलियम ०.९५, ऑक्सिजन ०.२४. या रेषांनी पटाचे पट्टे पडतात. दहाव्या भागापासून निम्म्यापर्यंत खालची कोरस, निम्म्यापासून ०.८ पर्यंत वरची कोरस. दोघींच्या मध्ये बरोब्बर निम्म्यावर बहुतेक वेळा फट असते. प्रोटॉनच्या रेषेपासून लोअर हायब्रिडपर्यंत मॅग्नेटोसॉनिक. प्रोटॉनच्या खाली आयन-सायक्लोट्रॉन लहरी.

आता एक खाचखळगा. कोरस विषुववृत्तापाशी जन्मते आणि क्षेत्ररेषेवरून वर सरकते. यान विषुववृत्तापासून दूर असेल तर तिथलं क्षेत्र जास्त असतं, पण लहर आपली जन्माची वारंवारता घेऊनच येते. द्विध्रुवी क्षेत्रात १५ अंश चुंबकीय अक्षांशावर क्षेत्र विषुववृत्ताच्या १.३५ पट होतं, २० अंशांवर जवळजवळ १.७ पट. म्हणून स्थानिक मूल्याला त्या गुणकाने भागून विषुववृत्तीय वारंवारता काढा आणि पट्टे त्यावरून आखा. हे केलं नाही तर निम्म्यावरची फट तुम्हाला ०.३ वर दिसेल आणि वरची कोरस खालच्या कोरसच्या खात्यात जाईल. वादळाच्या काळात क्षेत्र द्विध्रुवापासून बरंच ढळतं. तेव्हा चुंबकीय क्षेत्राचं त्सिगानेंकोचं एखादं प्रारूप वापरा, पायस्पेडासमध्ये त्याची सोय आहे.

घनता: आत की बाहेर?

प्लाझ्मास्फिअरची कड, म्हणजे प्लाझ्मापॉज, ओलांडताना घनता थोड्याच अंतरात दर घनसेंटिमीटर काहीशे इलेक्ट्रॉनांवरून मोजक्या इलेक्ट्रॉनांवर येते. हिस सहसा आत, कोरस बाहेर. दोन्ही व्हिसलर प्रकारच्याच, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या गिरकीच्या दिशेने फिरणाऱ्या, लहरी आहेत, दोघींचं ध्रुवण उजवं आहे. म्हणून त्यांच्यातला भेद ध्रुवणाने कधीच होणार नाही. घनतेने आणि पोताने होतो. कोरस सुट्या चढत्या स्वरांची, हिस सलग आणि रचनाहीन.

घनता काढायची ती उच्च वारंवारतेच्या स्पेक्ट्रममधल्या अपर हायब्रिड रेषेवरून. समजा रेषा ६० किलोहर्ट्झवर आहे आणि इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता ६.९. दोघांच्या वर्गांची वजाबाकी सुमारे ३,५५०. हा प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग. त्याला ८०.६ ने भागा: दर घनसेंटिमीटर ४४ इलेक्ट्रॉन. पातळी ४ च्या फाइलमध्ये हे तयार मिळतं, तरी दोन-तीन क्षण स्वतः हाताने काढून ताडून बघा.

स्पेक्ट्रम काढताना

बर्स्ट डेटावर १,०२४ बिंदूंची खिडकी (एका वेळी रूपांतरासाठी घेतलेला तुकडा) घेतली तर वारंवारतेची बारकाई ३४ हर्ट्झ आणि वेळेची २९ मिलिसेकंद. कोरसचा एक स्वर सेकंदाच्या अंशापुरता असतो, त्याला ही खिडकी योग्य. मॅग्नेटोसॉनिक लहरींच्या रेषा मात्र एकमेकींपासून प्रोटॉनच्या वारंवारतेएवढ्या अंतरावर, म्हणजे आपल्या उदाहरणात जेमतेम ३.८ हर्ट्झवर असतात. त्या सुट्या दिसायला निदान एका सेकंदाहून लांब खिडकी लागते. सर्वेक्षण डेटाच्या ६५ कप्प्यांत त्या सहसा सुट्या दिसत नाहीत, त्या नाहीतच असं समजू नका.

हान खिडकी लावा, तिच्यामुळे घटलेली शक्ती ८/३ ने गुणून भरून काढा. मग पडताळा घ्या: स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळ मूळ नोंदीच्या विचरणाएवढं यायला हवं. आलं नाही तर एककात किंवा गुणकात चूक आहे, पुढे जाऊ नका. लहरीचा मोठेपणा याच क्षेत्रफळाच्या वर्गमुळातून मिळतो. दर हर्ट्झ दहा लाखांश चौरस नॅनोटेस्ला एवढी शक्ती १,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सारखी पसरली असेल तर मोठेपणा सुमारे ३२ पिकोटेस्ला.

ध्रुवण आणि दिशा

इथे नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबतो.

आधी तिन्ही चुंबकीय घटक अशा अक्षांत फिरवा की तिसरा अक्ष स्थानिक स्थिर क्षेत्राच्या दिशेत येईल. मग प्रत्येक वारंवारतेला घटकांच्या जोड्यांचे गुणाकार घेऊन तीन बाय तीनची स्पेक्ट्रल मॅट्रिक्स तयार करा. तिच्यावर सांतोलीक, पारो आणि लफेव्र यांनी २००३ मध्ये मांडलेली सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशनची पद्धत चालवा. तिच्यातून तीन गोष्टी मिळतात: लहरीच्या दिशेचा स्थिर क्षेत्राशी कोन, लंबवर्तुळता आणि प्लॅनॅरिटी, म्हणजे चुंबकीय सदिश एकाच प्रतलात किती नीट फिरतो याचं माप. या पद्धतीचा पाया साधा आहे. चुंबकीय क्षेत्राला उगम नसतो, त्यामुळे चुंबकीय कंपन लहरीच्या दिशेला नेहमी लंब असतं. ते ज्या प्रतलात फिरतं त्याचा लंब म्हणजे लहरीची दिशा.

आता फसगत. एकाच खिडकीच्या एकाच रूपांतरावरून मॅट्रिक्स बनवली, सरासरी घेतलीच नाही, तर ध्रुवण नेहमी शंभर टक्के येतं. निव्वळ गोंगाटाचंसुद्धा. तो गणिताचा गुणधर्म आहे, त्यात लहरीचा काही संबंध नाही. मॅट्रिक्सची अनेक खिडक्यांवर किंवा शेजारच्या वारंवारतांवर सरासरी घेतल्यावरच या आकड्यांना अर्थ येतो. शक्तीच्या बाबतीतही तेच: एका खिडकीची अनिश्चितता मूल्याएवढीच, शंभर टक्के असते, एकमेकींवर न चढणाऱ्या १६ खिडक्यांची सरासरी घेतली की ती २५ टक्क्यांवर येते.

दुसरी काळजी म्हणजे गाळणी. ज्या कप्प्यात शक्ती उपकरणाच्या गोंगाटाएवढीच आहे तिथली लंबवर्तुळता छापूच नका. गोंगाटाची पातळी त्याच दिवशीच्या शांत तुकड्यावरून ठरवा. प्लॅनॅरिटीची किमान मर्यादाही ठेवा आणि ती किती ठेवली ते आकृतीखाली लिहा.

मग वाचन सोपं होतं. लंबवर्तुळता अधिक एकजवळ म्हणजे उजवं वर्तुळाकार: कोरस, हिस किंवा विजेतून उठलेली व्हिसलर. उणे एककडे झुकली म्हणजे डावं: आयन-सायक्लोट्रॉन, मात्र विषुववृत्तापासून दूर जाताना तीही रेषीय होऊ शकते. शून्याजवळ आणि दिशा क्षेत्राला जवळजवळ लंब: मॅग्नेटोसॉनिक.

या पद्धतीला लहर क्षेत्राच्या बाजूने जाते की विरुद्ध, हे कळत नाही. १८० अंशांची संदिग्धता उरते. त्यासाठी विद्युत घटक घेऊन पॉइंटिंग सदिश काढा. विषुववृत्ताच्या उत्तरेला ऊर्जा उत्तरेकडे आणि दक्षिणेला दक्षिणेकडे जाताना दिसली, तर उगम विषुववृत्तापाशी आहे याला भक्कम आधार मिळतो. कोरससाठी ही खूण मला सगळ्यात पटणारी वाटते.

विद्युत आणि चुंबकीय भागाचा मेळ

सगळं जमल्यासारखं वाटलं की हा हिशेब करा. क्षेत्राला समांतर जाणाऱ्या व्हिसलर लहरीचा अपवर्तनांक घनता आणि क्षेत्रावरून काढता येतो. पाच त्रिज्यांवर, घनता दर घनसेंटिमीटर १० इलेक्ट्रॉन असताना, इलेक्ट्रॉन वारंवारतेच्या ०.३ पटीवर तो सुमारे ९ येतो. ५० पिकोटेस्लाची लहर निर्वातात १५ मिलिव्होल्ट प्रतिमीटर विद्युत क्षेत्र बाळगेल. इथे त्याला ९ ने भागायचं, म्हणजे १.७ मिलिव्होल्ट. मोजलेलं क्षेत्र याच्या आसपास असेल तर बरं. दसपट जास्त असेल तर लहर फार तिरकी आहे, किंवा विद्युत उपकरणाच्या कॅलिब्रेशनकडे बघायला हवं.

एका हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली

आयन-सायक्लोट्रॉन लहरींसाठी फ्लक्सगेटचा ६४ नोंदींचा डेटा घ्या. आधी स्थिर क्षेत्राचा उतार काढून टाका, मग ६४ सेकंदांची, म्हणजे ४,०९६ बिंदूंची खिडकी लावा. यान सुमारे ११ सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतं, त्यामुळे ०.०९ हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर खोट्या रेषा उठतात. ०.१८, ०.२७, ०.३६: यांतल्या कित्येक नेमक्या हीलियमच्या पट्ट्यात येतात. तासन्‌तास न हलणारी, चुंबकीय क्षेत्र बदललं तरी जागेवरच राहणारी रेषा यानाचीच. खरी लहर क्षेत्राबरोबर वरखाली होते.

पीसी५ म्हणजे १५० ते ६०० सेकंदांच्या दोलनांसाठी तास-दीड तासाचा तुकडा लागतो, आणि तोही दूरच्या बिंदूजवळचाच. इथे नवा प्रश्न उभा राहतो: बदल वेळेत झाला की यानच एका रचनेतून दुसरीत गेलं? खालच्या कक्षेत हा प्रश्न फार बोचरा होतो. युरोपच्या स्वॉर्म यानांचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर आहे. प्रवाहाची ७६ किलोमीटर रुंद स्थिर रचना ओलांडताना त्यांना दहा सेकंदांचं दोलन दिसेल, तिथे लहर मुळीच नसली तरी. एका यानावरून हे सुटत नाही. स्वॉर्मची अ आणि क शेजारी-शेजारी उडतात, दोघांच्या नोंदी वेळ सरकवून ताडून बघा. किलोहर्ट्झच्या कोरससाठी ही चिंता नाही. तिचा वेग यानाच्या हजारो पट असतो.

जमिनीवरची साथ

मंद दोलनांसाठी जमिनीवरची नोंद मोठा आधार देते. आपल्याकडे नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. कुलाब्याजवळ विजेच्या ट्राम येणार म्हणून नोंदी तिथे हलवल्या गेल्या होत्या. अलिबाग चुंबकीय विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की त्याची क्षेत्ररेषा पृथ्वीपासून फार वर जातच नाही. तेव्हा व्हॅन ॲलन प्रोब्सने टिपलेली कोरस तिथे शोधू नका. पण उपवादळ सुरू होताना उठणारी पीआय२ दोलनं, ४० ते १५० सेकंदांची, रात्रीच्या बाजूला इतक्या खालच्या अक्षांशांवरही दिसतात, आणि सौर वाऱ्याचा धक्का बसला की क्षेत्राची अचानक उसळीही दिसते. एका सेकंदाचा डेटा मागवा. मिनिटाच्या सरासरीत पीआय२ पुसली जाते.

उपग्रहाच्या सगळ्या वेळा युनिव्हर्सल टाइममध्ये असतात. अलिबागची स्थानिक मध्यरात्र त्या घड्याळात १९:१० च्या सुमारास येते, म्हणून तुलनेसाठी साधारण १५:०० ते २३:०० मधल्या घटना आधी निवडा.